बागेतला गुलाब ओळखून त्याला बरोबर नाव कसं द्यायचं

नर्सरीत गुलाबाचं रोप हातात घेऊन “याचं नाव काय?” असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर रंगाचं येतं. “लाल एचटी आहे, मोठं फूल येतं.” (एचटी हा गुलाबांचा एक वर्ग, त्याबद्दल पुढे येईलच.) सोलापूर रस्त्याला लोणी, उरुळी कांचनच्या बाजूला ओळीने रोपवाटिका आहेत. तिथून पुण्यातल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत दर हिवाळ्यात भरपूर गुलाब जातात, पण आपलं खरं नाव घेऊन जाणारे त्यात थोडेच. लेबल लावलेलं असलं तरी त्यावर फार विसंबता येत नाही. कुठल्याही गडद लाल रोपाला ‘मिस्टर लिंकन’ म्हटलं जातं आणि पिवळ्यावर गुलाबी छटा दिसली की ‘पीस’.

नाव माहीत असण्याचे फायदे रोजच्या कामातले आहेत. झाड किती उंच जाणार, छाटणी किती खोल घ्यायची, भुरी (पानांवर पांढरी भुकटी आणणारा रोग) येण्याची भीती किती, मेलं तर नेमकं कोणतं रोप पुन्हा आणायचं, हे सगळं नावावरून कळतं. प्रदर्शनात फूल ठेवायचं तर नावाशिवाय वर्ग ठरत नाही. शिवाय प्रत्येक जातीमागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते. दुसऱ्याच फुलाला तिचं नाव देणं मला मनापासून खटकतं.

माझ्या गच्चीवरच्या बिननावाच्या गुलाबांची नावं शोधता शोधता जी पद्धत बसली, ती इथे क्रमाने देतो. तिचं मुख्य सूत्र एवढंच की रंग सगळ्यात शेवटी पाहायचा.

आधी हे जमवून ठेवा

- रोपाचं बिल, नर्सरीचं लेबल, कुणी दिलं असेल तर त्याचं नाव आणि साल. लेबल चुकीचं वाटलं तरी फेकू नका, पुढे शोधाची सुरुवात तिथूनच होते.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. चष्म्याच्या किंवा शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं.
- मोजपट्टी, पांढरा कागद, एक वही आणि साधी शिसपेन्सिल.
- धारदार कात्री आणि कात्री पुसायला स्पिरिट.
- फोनचा कॅमेरा.
- ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि तार, शेवटी लेबल करायला.

१. योग्य हंगामाची वाट पाहा

पुण्यात गुलाब ओळखायचा हंगाम म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी घेतली की साधारण दीड महिन्याने पहिला बहर येतो. थंडीतलं हे फूल जातीचं खरं रूप दाखवतं. आकार पूर्ण असतो, पाकळ्या पुरेशा असतात आणि रंग दाट असतो.

एप्रिल-मे महिन्यांत तेच झाड वेगळंच वाटतं. फूल लहान, पाकळ्या कमी, रंग फिका, आणि सकाळी उमललेलं दुपारपर्यंत सैल पडलेलं. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी पानं गळतात आणि भरगच्च पाकळ्यांच्या कळ्या न उमलताच कुजतात. या दिवसांत निरीक्षणं लिहून ठेवायला हरकत नाही, पण नाव ठरवू नका. एकाच बहरावरही ठरवू नका, निदान दोन बहर पाहा.

२. फूल जातीचं आहे की खुंटाचं, हे आधी पाहा

पुण्यात मिळणारे बहुतेक गुलाब डोळा भरून, म्हणजे एका झाडाच्या खोडात दुसऱ्या जातीची कोवळी कळी बसवून, केलेले असतात. खाली जंगली किंवा गावठी गुलाबाचा खुंट आणि वर हव्या त्या जातीचा डोळा. खुंटावरून निघालेली फूट वेळीच काढली नाही, तर ती जोरात वाढते आणि वरची जात हळूहळू मरते. “पहिल्या वर्षी मोठी पिवळी फुलं आली, आता बारीक पांढरे घोस येतात, गुलाबाने रंग बदलला,” असं कुणी सांगितलं तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

माती थोडी बाजूला करा आणि खोडावरची कलमाची गाठ शोधा. फांदी गाठीच्या वरून निघाली असेल तर जातीची, खालून किंवा मुळापासून निघाली असेल तर खुंटाची. खुंट ‘रोझा मल्टिफ्लोरा’चा असेल तर अजून एक पक्की खूण मिळते. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो, तिथे दोन्ही बाजूंना अरुंद हिरवी पट्टी असते, तिला उपपर्ण म्हणतात. मल्टिफ्लोरात या पट्टीची कड बारीक केसांच्या झालरीसारखी कातरलेली असते. भिंगाखाली ती एकदा पाहिलीत की पुन्हा चुकणार नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: पानात पाच पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) म्हणजे कलमी आणि सात म्हणजे जंगली. हे खरं नाही. अनेक चांगल्या जातींच्या जोमदार फांद्यांवर सात पर्णिकांची पानं येतात. केवळ पर्णिका मोजून फांदी कापू नका, गाठ शोधा.

फूट खुंटाचीच निघाली तर ती जिथून निघाली तिथून ओढून काढा. वरवर कापली तर तिथूनच दोन नव्या फुटतात.

३. वर्ग ठरवा

वर्ग ठरला की शोध एकदम आवाक्यात येतो. घरच्या बागेपुरते एवढे वर्ग पुरतात:

एचटी म्हणजे हायब्रिड टी: लांब देठावर बहुधा एकच मोठं फूल, कळी टोकदार, मधला भाग उंच. १८६७ चा ‘ला फ्रान्स’ हा या वर्गातला पहिला मानतात, आणि जुने गुलाब व आधुनिक गुलाब यांच्यातली सीमारेषाही तिथेच धरतात.

फ्लोरिबंडा: एका फांदीवर घोस, फूल मध्यम.

ग्रँडिफ्लोरा: दोन्हींच्या मधला. उंच झाड, एचटीसारखं फूल, पण छोट्या घोसात.

मिनिएचर: फूल, पान, काटे, पेरं, सगळंच लहान. पॉलिअँथा याच्याशी फार गोंधळतो. त्याचं फूल लहान असतं, पण मोठ्या दाट घोसात येतं आणि झाड त्या मानाने पसरट असतं. आपल्याकडे दोघांनाही सरसकट ‘बटन गुलाब’ म्हणतात.

वेली गुलाब: यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे अनेक झुडपी जातींची वेली रूपंही आहेत. ‘आइसबर्ग’ आणि ‘क्लायंबिंग आइसबर्ग’ यांचं फूल सारखंच, झाडाची वाढ मात्र वेगळी. फक्त फुलाचा फोटो पाठवून नाव विचारलं तर याचं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही.

४. फुलाकडे जाण्याआधी झाड पाहा

नवशिके सरळ फुलाकडे जातात. झाड मात्र बाराही महिने तेच असतं आणि हवामानाने फुलाइतकं बदलत नाही. वहीत हे लिहा:

झाड सरळ उभं वाढतं की पसरतं. काटे भरपूर की विरळ, सरळ की खाली वाकलेले, मोठ्यांच्या मध्ये बारीक केसाळ काटे आहेत का. पान चकचकीत की मंद, कातडीसारखं जाड की पातळ. कोवळी पालवी हिरवी की तांबूस. फुलाखालचा देठ ताठ आहे की फुलाच्या भाराने मान टाकतो. देठावर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो की चिकट आणि लवदार.

भुरी सगळ्यात आधी कोणत्या झाडावर येते, हेही लिहा. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या कोरड्या थंडीत शेजारशेजारच्या कुंड्यांपैकी एकीवर पांढरी भुकटी येते आणि दुसरी स्वच्छ राहते. एवढ्यावर नाव ठरत नाही, पण दोन नावांमध्ये अडलात तर ही नोंद उपयोगी पडते.

५. कळी तपासा, पाकळ्या मोजा

सकाळी आठ-नऊच्या सुमारास अर्धं उमललेलं फूल घ्या. वासही तेव्हाच पाहायचा. दुपारच्या उन्हात वास उडून गेलेला असतो आणि सुगंधी जातीलाही बिनवासाची ठरवलं जातं.

कळीभोवतीची पाच हिरवी निदलं भिंगाने पाहा. बहुतेक गुलाबांत त्यांची एक ठरलेली गंमत दिसते: दोन निदलांना दोन्ही कडांवर मिशा, दोन अगदी साफ, आणि पाचव्याला एकाच कडेवर मिशा. हा गुलाबाचा सर्वसाधारण गुण आहे, त्यामुळे त्यावरून जात कळत नाही. या मिशा किती लांब आहेत, आणि निदलाचं टोक पानासारखं वाढून कळीच्या वर गेलंय का, हे मात्र जातीगणिक बदलतं.

मग कागदावर एकेक पाकळी काढून मोजा. अगदी मध्यभागी पुंकेसरांजवळ अर्धवट, वळलेल्या, पाकळीसारख्या दिसणाऱ्या चिंध्या असतात, त्या वेगळ्या मोजा. दोन-तीन फुलांची सरासरी घ्या. ४ ते ८ पाकळ्या असतील तर एकेरी, ९ ते १६ निम-दुहेरी, १७ ते २५ दुहेरी, २६ ते ४० भरीव आणि ४१ च्या पुढे अतिभरीव अशी वर्गवारी आहे. वर्णनांमध्ये हीच भाषा वापरलेली असते.

पाकळी उलटी करून तिची मागची बाजू जरूर पाहा. पुढे सांगितलेल्या एका गोंधळाचा निकाल तिथेच लागतो.

६. फोटो असे काढा की दुसऱ्याला ओळखता येईल

उन्हात लाल रंगाचा फोटो काढला की फोन गोंधळतो. गडद लाल भडक येतो आणि पाकळ्यांच्या कडा दिसेनाशा होतात. सावलीत, शेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. कळी, अर्धं उमललेलं फूल बाजूने, पूर्ण उमललेलं वरून, पाकळीची मागची बाजू, उपपर्णासकट पूर्ण पान, काटे दिसतील असं खोड, आणि अख्खं झाड, असे सगळे फोटो हवेत. सजवलेले, फिल्टर लावलेले फोटो ओळखीसाठी निरुपयोगी आहेत.

फोनमधली फोटोवरून शोध घेणारी सोय गुलाबापुरती विश्वासार्ह मानू नका. ती रंग आणि ठेवण जुळवते, काटे आणि पान पाहत नाही.

७. नेहमी अदलाबदल होणारे गुलाब

*गडद लाल, सुगंधी: ‘मिस्टर लिंकन’, ‘पापा मेयाँ’, ‘ओक्लाहोमा’*

हा सगळ्यात अवघड गोंधळ आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. तिन्ही सख्खी भावंडं आहेत. ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालेराँ’ याच संकरातून फ्रान्समध्ये ‘पापा मेयाँ’ (१९६३) आला आणि अमेरिकेत ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ (दोन्ही १९६४). वास तिघांनाही भरपूर आणि मखमली झाकही तिघांना.

‘मिस्टर लिंकन’ उंच, सरळ वाढतो आणि देठ लांब व ताठ असतो. कळी काळपट लाल, पण उमलल्यावर फूल त्या मानाने उजळ, स्वच्छ लाल होतं. पुरतं उघडलं की मधले पिवळे पुंकेसर दिसतात. ‘पापा मेयाँ’ अधिक काळा आणि अधिक मखमली आहे. झाड एवढं उंच जात नाही, भुरी लवकर पकडतं. ‘ओक्लाहोमा’चं फूल सगळ्यात मोठं आणि गोलसर, पाकळ्या बहुधा चाळिसाच्या वर, आणि उन्हाळ्यात त्याचा लाल रंग जांभळटाकडे झुकतो. फूल जुनं झाल्यावर रंग कुठे जातो हे पाहण्यासाठी एखादं फूल न तोडता झाडावरच राहू द्या.

गडद लाल फूल आहे, ठेवणही चांगली आहे, पण सकाळीही वास जवळजवळ नाही, अशा वेळी या तिघांना बाजूला ठेवा आणि ‘ख्रिश्चन डिऑर’ (१९५८) तपासा. झाड बुटकं, पसरट आणि फुलाची मान सतत झुकलेली, वास मात्र दाट, असं असेल तर जर्मन पैदासकार कॉर्डेसचा १९३५ चा ‘क्रिमसन ग्लोरी’ तपासून पाहा.

*दोन रंगी: ‘डबल डिलाइट’ आणि ‘लव्ह’*

पाकळी उलटी करायची ती इथे. ‘लव्ह’ (१९८०) मध्ये पाकळीची आतली बाजू लाल आणि मागची पांढरट असते. ‘डबल डिलाइट’ (१९७७) मध्ये पाकळी मलईसारख्या पांढऱ्या रंगाची असते आणि लाली कडेवरून आत पसरत जाते. वासातही फरक आहे. ‘डबल डिलाइट’ला मसालेदार, दाट वास असतो, ‘लव्ह’ला फारसा नसतो.

पण खरी अडचण वेगळीच आहे. ‘डबल डिलाइट’ची लाली ऊन लागल्यावरच चढते. उत्तरेकडच्या बाल्कनीत, समोर दुसरी इमारत असेल तर फूल जवळजवळ पांढरं राहतं आणि मालक नर्सरीवाल्याला दोष देत बसतो. असं रोप दोन आठवडे उन्हाच्या जागी ठेवा आणि नवी फुलं पाहा. कळी पांढरी आणि उघडत गेल्यावर कडा लाल, हे दिसलं की शंका उरत नाही.

*पिवळा-गुलाबी: ‘पीस’ आणि ‘शिकागो पीस’*

‘पीस’ फिकट पिवळा, कडेला गुलाबी छटा, पान मोठं, गडद, चकचकीत. ‘शिकागो पीस’ (१९६२) ही त्याच्याच फांदीवर आपोआप झालेल्या बदलातून मिळालेली जात आहे. त्यामुळे झाड आणि पान तेच, फुलात मात्र गुलाबी रंग ठळक आणि तळाशी तांबूस पिवळा. अशा बदलातून आलेल्या जाती कधी कधी मूळ रूपाकडे परततात. एकाच झाडाच्या एका फांदीवर एक आणि दुसऱ्या फांदीवर दुसरं फूल दिसलं, तर आधी दोन्ही फांद्या कलमाच्या गाठीच्या वरूनच निघाल्यात ना हे पाहा. तसं असेल तर झाड एकच आहे, लेबलवर दोन्ही गोष्टी लिहा.

हिवाळ्यात ‘पीस’चा गुलाबीपणा वाढतो आणि उन्हाळ्यात पिवळा रंग पांढुरका होतो, त्यामुळे फक्त रंग पाहून यातला कुठलाच निर्णय घेऊ नका.

*शेंदरी: ‘सुपर स्टार’ आणि ‘फ्रेग्रंट क्लाउड’*

दोन्ही जर्मनीतल्या टांटाऊ या पैदासकाराच्या. ‘सुपर स्टार’ (१९६०) चमकदार शेंदरी, झाड उंच, पान मंद, वास हलका, भुरी जास्त. ‘फ्रेग्रंट क्लाउड’ (१९६३) पोवळ्यासारखा लाल, जुना होताना काळपट गुलाबी, पान चकचकीत, झाड भरगच्च आणि वास जबरदस्त. नाकाने ओळखता येणारी ही जोडी आहे.

*गुलाबी: ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘फर्स्ट प्राइझ’*

‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४) ग्रँडिफ्लोरा आहे. झाड खूप उंच, वरच्या फांद्यांना काटे फार कमी, फूल वाटीसारखं आणि बऱ्याचदा घोसात. ‘फर्स्ट प्राइझ’ (१९७०) एचटी आहे, कळी खूप लांब, फूल प्रदर्शनी थाटाचं आणि मधला भाग फिका. झाड पाहिलं की वाद मिटतो.

*पांढरे*

घोसात येणारा, काटे कमी, थंडीत कळीवर किंचित गुलाबी छटा: ‘आइसबर्ग’ (१९५८). एकेकटं, टोकदार कळीचं मोठं फूल असेल तर तो ‘आइसबर्ग’ नाही, एचटी पांढऱ्यांमध्ये शोधा: ‘पास्कली’, ‘जॉन एफ. केनेडी’, आणि आपल्याकडचा ‘डॉ. होमी भाभा’. ‘जॉन एफ. केनेडी’च्या कळीत हिरवट झाक असते.

भारतीय जाती शोधताना अजिबात विसरू नका. गव्हाचे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्या कितीतरी जाती तयार केल्या आणि दिल्लीच्या पुसा संस्थेतूनही अनेक आल्या. पट्टेदार शेंदरी ‘अभिसारिका’ ही ‘किस ऑफ फायर’वरून उत्परिवर्तनाने मिळालेली. परदेशी यादीत जुळणारं नाव सापडत नाही म्हणून लोक जवळचं कुठलंतरी इंग्रजी नाव लावून टाकतात, तेव्हा ते झाड बऱ्याचदा आपलंच असतं.

८. एकाच गुलाबाची अनेक नावं

तुमच्याकडे ‘सुपर स्टार’ आहे आणि मित्राकडे ‘ट्रॉपिकाना’, तर ही अदलाबदल नाही, जात एकच आहे. अमेरिकेत ती दुसऱ्या नावाने विकली गेली. तसंच ‘लँडोरा’ म्हणजेच ‘सनब्लेस्ट’, ‘फ्रेग्रंट क्लाउड’ म्हणजेच ‘डुफ्टवोल्क’, ‘आइसबर्ग’ म्हणजे जर्मनीत ‘श्नीविटशेन’, ‘ब्लू मून’ म्हणजे ‘माइंझर फास्टनाख्ट’. ‘पीस’ची तर देशागणिक नावं आहेत: फ्रान्समध्ये ‘मादाम ए. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’, इटलीत ‘जोइया’. अमेरिकेत १९४५ मध्ये, महायुद्ध संपत असताना, त्याला ‘पीस’ म्हटलं गेलं.

म्हणून नव्या जातींना व्यापारी नावाबरोबर एक सांकेतिक नावही असतं. त्याची पहिली अक्षरं पैदासकाराची: मेयाँसाठी एमईआय, कॉर्डेससाठी केओआर, टांटाऊसाठी टीएएन, डेव्हिड ऑस्टिनसाठी एयूएस. ‘आइसबर्ग’चं सांकेतिक नाव ‘कॉरबिन’. बिलावर किंवा लेबलवर असं काही विचित्र दिसणारं नाव असेल तर ते उतरवून घ्या, व्यापारी नावापेक्षा ते जास्त भरवशाचं असतं. गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटी करते.

लिहिताना जातीचं नाव एकेरी अवतरणात लिहायची पद्धत आहे, या लेखात तशीच वापरली आहे. नावाचं भाषांतर करायचं नाही. ‘डबल डिलाइट’ला ‘दुहेरी आनंद’ केलं की शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

९. जी जातीची नावंच नाहीत

‘डच गुलाब’ ही जात नाही. पॉलिहाउसमधल्या लांब दांड्याच्या फुलांना बाजारात तसं म्हणतात. मावळातून व्हॅलेंटाइनच्या सुमारास निर्यात होणारा लाल गुलाब बऱ्याचदा ‘टॉप सीक्रेट’ असतो. गुलटेकडीच्या फूलबाजारातून आणलेल्या दांड्याचं कटिंग लावलंत तर वहीत ‘डच’ असं न लिहिता कुठून आणि कधी आणलं ते लिहा.

‘काश्मिरी गुलाब’ या नावाखाली वेगवेगळ्या नर्सऱ्यांत वेगवेगळी झाडं मिळतात. ‘इंग्लिश गुलाब’ म्हणजे खरं तर डेव्हिड ऑस्टिनच्या जाती, पण भरगच्च पाकळ्यांच्या कुठल्याही फुलाला तसं म्हणून जास्त पैसे घेतले जातात. ‘गावठी’ किंवा ‘देशी’ म्हणजे गुलकंदाचा सुगंधी गुलाबी. त्यातही एकाहून जास्त प्रकार आहेत, तेव्हा नुसतं ‘देशी’ लिहून थांबू नका.

निळ्या गुलाबाला भुलू नका. गुलाबात निळा रंग देणारं द्रव्य नैसर्गिकरीत्या तयार होत नाही. दुकानातला गडद निळा गुलाब म्हणजे रंगाच्या पाण्यात ठेवलेला पांढरा गुलाब. जनुक बदलून केलेला जपानी ‘अप्लॉज’ (२००९) सुद्धा फिका जांभळाच आहे. बागेतले ‘ब्लू मून’, ‘पॅराडाइज’, ‘लेडी एक्स’ हे सगळे जांभळट. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या गुलाबाच्या बिया’, ‘इंद्रधनुषी गुलाबाच्या बिया’ घेऊच नका. बियांपासून कुठलीही नामवंत जात जशीच्या तशी येत नाही. ती कलमानेच येते.

१०. पडताळा घ्या

दोन-तीन नावं उरली की खरं, नाव माहीत असलेलं झाड किंवा फूल शेजारी ठेवून पाहा. पुण्यात यासाठी चांगली सोय आहे. एम्प्रेस गार्डनमध्ये २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, रोझ सोसायटी ऑफ पुणे गुलाबांची प्रदर्शनं भरवते. तिथे नावाच्या चिठ्ठ्यांसह फुलं मांडलेली असतात आणि ती वाढवणारी माणसं शेजारीच उभी असतात. आपली वही आणि फोटो घेऊन जा. “हा कोणता?” असं मोघम न विचारता, “काका, हा ‘पापा मेयाँ’ वाटतोय, पण पाकळ्या चाळिसाच्या वर भरतात, मग ‘ओक्लाहोमा’ असेल का?” असं विचारा. अनुभवी माणूस अशा प्रश्नाला वेळ काढून उत्तर देतो.

चिठ्ठ्यांतही चुका असतात हे धरून चाला. एकाच नावाची फुलं दोन-तीन जणांकडे सारखी दिसली तर विश्वास ठेवा. इंटरनेटवर ‘हेल्प मी फाइंड’ ही गुलाबांची मोठी सूची आहे, तिथे वंश, साल, पर्यायी नावं सापडतात. फोटोंपेक्षा तिथलं लेखी वर्णन आधी वाचा, कारण फोटो वेगवेगळ्या देशांतल्या हवेत काढलेले असतात.

ओळख पटवताना विरुद्ध पुरावा शोधायची सवय लावा. दहा गुण जुळले आणि एक ठामपणे जुळत नसेल, उदाहरणार्थ वर्णनात काटे विरळ आणि तुमच्या झाडावर दाट, तर ते नाव सोडून द्या.

११. खात्री नसेल तर तसंच लिहा

वहीत प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा द्या: ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘सारखा दिसतो’. ‘नक्की’ हा शेरा विश्वासू ठिकाणाहून नावासह घेतलेल्या किंवा प्रत्यक्ष पडताळलेल्या रोपालाच.

कितीही शोधलं तरी काही गुलाबांची नावं सापडत नाहीत. जुन्या वाड्यातून कटिंगने आलेले, बंगल्याच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले असे कितीतरी आहेत. त्यांना अंदाजाने नाव देऊ नका. जुन्या गुलाबांचे अभ्यासक अशा झाडाला जिथे मिळालं त्या जागेवरून तात्पुरतं नाव देतात आणि ते दुहेरी अवतरणात लिहितात, म्हणजे हे नोंदलेलं नाव नाही हे वाचणाऱ्याला कळतं. “पर्वती पांढरा” किंवा “नारायण पेठ सुगंधी गुलाबी” असं लिहिलंत की झाडाला पत्ता मिळतो, आणि पुढे कुणाला खरं नाव सापडलं तर दुरुस्ती सोपी जाते. चुकीचं नाव मात्र प्रत्येक कटिंगबरोबर पुढच्या घरी जातं आणि दहा वर्षांनी ते मागे घेणं कुणालाच शक्य नसतं.

कटिंग देताना शेराही सांगा. “बहुधा ‘लँडोरा’ आहे, पण नक्की नाही,” एवढं म्हणायला काहीच कष्ट नाहीत.

१२. लेबल टिकेल असं करा

मार्कर पेन पुण्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने किंवा संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा, अक्षरं कोरली जातात. प्लॅस्टिकची पट्टी वापरायची तर साधी शिसपेन्सिल शाईपेक्षा जास्त टिकते. पुढे नाव, मागे साल, कुठून आणलं ते आणि शेरा.

पट्टी फांदीला बांधू नका. ऑक्टोबरच्या छाटणीत ती फांदी कापली जाते आणि पट्टी पालापाचोळ्याबरोबर निघून जाते. शिवाय तार आवळली तर खोडाला खाच पडते. कुंडीच्या काठाला भोक पाडून तिथे बांधा, जमिनीतल्या झाडाला मातीत रोवलेल्या काडीला. कुंडी बदलताना आधी पट्टी नव्या कुंडीला लावा, मग झाड हलवा. आणि वहीत कुंड्यांच्या जागेचा साधा नकाशा काढून ठेवा, दर छाटणीच्या आदल्या दिवशी पट्ट्या त्याच्याशी ताडून घ्या.